चुलीचा खर्च आणि शेतातले इंधन

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी बेणे, लागणीचे अंतर, खताचे हप्ते, खोडवा व्यवस्थापन असल्या विषयांवर बोलतो. या खेपेला विषय थोडा वेगळा आहे. शिवारातून निघून तो थेट आपल्या स्वयंपाकघरात जातो. गटात फिरताना अलीकडे खताच्या भावाइतकीच तक्रार गॅसच्या टाकीची ऐकू येते. ज्यांचा ऊस वीस-तीस गुंठे, बाकी पोट मजुरीवर आणि एका-दोन जनावरांच्या दुधावर, त्या घरांत ती जास्त आहे. पुष्कळ घरांत शेगडी आहे, टाकी आहे, पण टाकी रिकामी आणि चूल पेटलेली. एका घरच्या वहिनींनी तर एका वाक्यात सगळे सांगून टाकले. म्हणाल्या, "साहेब, शेगडी पाहुण्यांची, चूल रोजची."

हे असे का झाले, त्यातून घरच्या बाईचे आणि आपल्या जमिनीचेही काय नुकसान होते, आणि आपल्या हातात असलेले उपाय कोणते, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

टाकी महाग का झाली

घरगुती गॅसची टाकी १४.२ किलोची. आपल्या देशाला लागणाऱ्या गॅसपैकी साधारण साठ टक्के गॅस बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून. त्याचा भाव सौदी अरेबियातल्या दरावर ठरतो आणि पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. त्यामुळे आखातात काही गडबड झाली किंवा रुपया घसरला, की त्याचा चटका आपल्या माजघरापर्यंत येतो.

दिल्लीतल्या दराचेच उदाहरण घेऊ. २०२० च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये टाकी ५९४ रुपयांना होती. मार्च २०२३ मध्ये तीच ११०३ रुपयांवर गेली. म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षांत जवळजवळ दुप्पट! त्यातच २०२० च्या मध्यापासून सर्वसाधारण ग्राहकाच्या खात्यावर येणारे अनुदान जवळजवळ बंद झाले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये दोनशे रुपये आणि मार्च २०२४ मध्ये शंभर रुपये कमी झाले. दर ८०३ वर आला. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पन्नास रुपये वाढून ८५३ झाला.

गरीब कुटुंबांसाठी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथे सुरू झाली. आठ कोटींचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये पुरा झाला, आणि ती आठ कोटीवी जोडणी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, देण्यात आली. मे २०२२ पासून उज्ज्वला ग्राहकांना टाकीमागे दोनशे आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे रुपये अनुदान मिळू लागले. जोडणी पोचली ही गोष्ट लहान नाही. पण जोडणी घेणे एकदाचे असते आणि टाकी भरणे कायमचे. २०१९-२० साली उज्ज्वला कुटुंब सरासरी वर्षाला तीनच टाक्या भरून घेत होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आला. पाच माणसांच्या घराला वर्षाला आठ-नऊ टाक्या तरी लागतात. मग बाकीचे महिने काय जळते? लाकूड, शेणी, तुरकाट्या आणि आपले पाचट.

अडचण भावाची, तशी रोकडीचीही

आपण शेतकरी माणसे. पैसा आपल्याकडे थेंबाथेंबाने येत नाही, लोंढ्याने येतो आणि लोंढ्यानेच जातो. उसाचे बिल बँकेत जमा झाले की आधी विकास सोसायटीचे कर्ज वळते होते, मग खताची उधारी, मग लग्नकार्य. घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर. दहा दिवसांच्या त्या पगारातून एकदम आठशे-नऊशे रुपये उचलून टाकीला द्यायचे, हे बाईच्या जिवावर येते. अनुदान असले तरी ते मागाहून खात्यावर पडते, टाकी घेताना पुरे पैसे मोजावे लागतात. लाकूडफाटा मात्र पैसे न मोजता मिळतो, निदान वरवर पाहता तरी.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा. टाकीचा खर्च दिवसावर बसवा. टाकी ९०० रुपयांची धरली आणि ती ४५ दिवस पुरली, तर रोजचे झाले २० रुपये. दुधाच्या प्रत्येक दहा दिवसांच्या पगारातून २०० रुपये वेगळ्या डब्यात टाकले, तर टाकी संपेल त्या दिवशी पैसे तयार असतात. बचत गटाच्या भगिनींनी मनावर घेतले तर दहा जणींची 'टाकी भिशी' सहज चालू शकते. जिची टाकी संपली तिला गटातून रक्कम द्यायची आणि तिने ती पुढच्या चार-पाच पगारांत फेडायची. सावकार नको, उधारी नको.

आणखी एक. गॅसची जोडणी घरच्या बाईच्या नावावर असेल याची काळजी घ्या. उज्ज्वला योजना महिलांच्याच नावाने आहे. २०२४ साली राज्य शासनाने वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढली, तेव्हाही जोडणी बाईच्या नावावर असण्याची अट होती. पुष्कळ घरांत जोडणी सासऱ्यांच्या किंवा मालकांच्या नावावर राहिलेली असते. ते नाव बदलून घेणे आणि बँक खाते आधारला जोडणे ही कामे गॅस एजन्सीत आणि बँकेत जाऊन वेळेवर उरकावीत.

लाकूड खरोखर फुकट आहे का?

आता लाकडाचा हिशेब करू. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी भांड्याला फार तर दहा-पंधरा टक्के लागते. बाकीची वाऱ्यावर आणि धुरात जाते. गॅसच्या शेगडीवर साठ टक्क्यांच्या वर उष्णता भांड्याखाली कामी येते. या हिशेबाने एका टाकीइतका स्वयंपाक साध्या चुलीवर करायचा तर सुमारे १८० ते १९० किलो वाळलेले लाकूड लागते. आपल्या गावात लाकूड किलोला काय भावाने मिळते ते या आकड्याला गुणून पाहा. पाच रुपये भाव असेल तर लाकूड आणि टाकी जवळजवळ बरोबरीत येतात. आणि विकत न घेता गोळा करायचे तर मोळी आणायला बाईचा अर्धा दिवस जातो. त्या वेळेत खुरपणीची हजेरी भरली असती. ती बुडालेली मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही, म्हणून लाकूड फुकट वाटते.

शिवाय धूर. घरातल्या चुलींच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ, मोतीबिंदू ही दुखणी चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या वाट्याला येतात. दवाखान्याचा खर्च लाकडाच्या भावात धरला, तर हिशेब उलटाच होईल.

तेव्हा ज्यांना चूल सोडणे शक्य नाही त्यांनी चूल तरी सुधारून घ्यावी. १९८३ साली देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. त्या काळात बसवलेल्या 'लक्ष्मी' सारख्या चुली जुन्या सभासदांना आठवत असतील. चुलीला दोन वैलांचा जोड, धुराला नळी, आणि आत लाकूड नीट जळेल अशी जागा. अशी चूल पंचवीस टक्क्यांपर्यंत उष्णता भांड्याला देते, म्हणजे लाकूड जवळजवळ निम्मे लागते. नळी महिन्यातून एकदा झाडावी लागते, हे मात्र विसरू नये. पुष्कळ चुली बिघडल्या त्या काजळी साचूनच. लाकूड पावसाळ्यापूर्वी फोडून, रचून, झाकून ठेवावे. ओल्या लाकडाची बरीच आग त्यातले पाणी उकळण्यातच जाते.

पाचट चुलीत घालू नका

आता माझ्या खात्याचा विषय. एक एकर उसातून साधारण तीन ते चार टन पाचट निघते. साडेतीन टन धरले तर त्यात सुमारे १७ किलो नत्र असते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यापैकी पाऊण पोत्याहून अधिक. त्याशिवाय पालाश आणि स्फुरद आहेच. सर्वांत मोलाचा तो सेंद्रिय कर्ब, जो कोणत्याही पोत्यात मिळत नाही. पाचट काडी लावून पेटवले की नत्र आणि कर्ब हवेत जातात आणि मागे मूठभर राख राहते.

म्हणून खोडव्यात पाचट सरीत ठेवा. बुडखे जमिनीलगत छाटा. एकरी साधारण ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू पाचटावर टाकून पाणी द्या. पाण्याची पाळी लांबते, तण कमी येते आणि खुरपणीची मजुरी वाचते. हे आपण दरवर्षी सांगतो. पण यंदा सांगताना एक गोष्ट जोडायची आहे. चुलीला दुसरे जळण मिळाल्याशिवाय पाचट शेतात राहणार नाही. घरात जळण नसेल तर बाई पाचटाचा भारा उचलणारच, आणि त्यात तिची चूक काय? तेव्हा जमिनीची काळजी आणि चुलीची काळजी एकत्रच घ्यावी लागेल.

चुलीत घालायला पाचट तसेही वाईट. भसकन पेटते, भसकन विझते, सारखे घालत बसावे लागते आणि कुडाला आग लागण्याची भीती राहते. जळण म्हणून शेतातले घ्यायचे तर मोडलेल्या शेवटच्या खोडव्याची खोडकी घ्या. नांगरटीत ती वर येतात. माती झटकून उन्हात वाळवली की चांगली जळतात. तुरकाट्या, पऱ्हाट्या, बांधावरची शेवरी आणि सुबाभूळ यांचाही उपयोग आहे. बांधावर वर्षाला दहा-बारा सुबाभूळ लावून छाटत राहिले, तर दोन-तीन वर्षांत घरची मोळी घरच्या बांधावरून मिळू लागते. पाला शेळीला मिळतो तो वेगळाच.

रस्त्याकडेला, कालव्याच्या भरावावर, ट्रॉली वळायच्या जागी जे पाचट वाया जाते, त्याला एक चांगला मार्ग आहे. पुणे आणि फलटण येथे काम करणाऱ्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी बसवली. त्या कामाला २००२ साली इंग्लंडमधला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. बंद पिंपात पाचट जाळले की शंभर किलो पाचटातून पंचवीस-तीस किलो कोळशाची पूड निघते. खळ घालून तिच्या कांड्या पाडतात. वाफेच्या डब्याच्या कुकरात शंभर-दीडशे ग्रॅम कांडीकोळशावर एका घराचे भात, वरण, भाजी शिजते. भाकरी मात्र त्यावर होत नाही, तिला वेगळा जाळ हवा. आणि सावध राहा. कोळसा बंद खोलीत किंवा खोपीत कधीही पेटवू नये. त्याचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

काही सभासद विचारतात, "कारखान्यात बगॅस जाळून वीज होते, मग आमच्या चुलीला बगॅस का देत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण कारखान्यातून निघणाऱ्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. बॉयलरच्या मोठ्या भट्टीत जोराच्या हवेवर ते जळते, घरच्या चुलीत नुसता धूर करते.

गोबर गॅस पुन्हा एकदा

१९७३ च्या तेलसंकटानंतर गोबर गॅसचा बोलबाला झाला, १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्प आला, आणि १९८४ साली 'दीनबंधू' हा जमिनीत बांधायचा स्वस्त प्रकार निघाला. आपल्या भागात त्या वेळी पुष्कळ संयंत्रे झाली. मग ती बंद का पडली? लोखंडी टाकी गंजली, पाइपात पाणी साचले, वर साय धरली, आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्टर आला तशी दावणीची बैलजोडी गेली. पुढे गॅसची टाकी स्वस्तात मिळू लागली तेव्हा कोणी दुरुस्तीकडे पाहिले नाही.

आज हिशेब पुन्हा बदलला आहे. २५ किलो ताज्या शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. हे शेण दोन चांगली पोसलेली जनावरे देतात. एक घनमीटर गोबर गॅस म्हणजे ४३३ ग्रॅम टाकीचा गॅस, किंवा साडेतीन किलो लाकूड. महिन्याला हा गॅस १३ किलो होतो, म्हणजे जवळजवळ एक टाकी! चार-पाच जनावरे असतील तर दोन घनमीटरचे संयंत्र घ्यावे. त्यात रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा कोमट पाणी घालावे आणि टाकीभोवती पाचटाचे आच्छादन करावे.

तेच २५ किलो शेण थापून वाळवले तर पाच किलो शेणी होतात. एक घनमीटर गॅसइतका स्वयंपाक करायला मात्र बारा किलोंहून अधिक शेणी लागतात. म्हणजे त्याच शेणातून गॅसच्या वाटेने अडीचपट काम होते आणि वर रबडी शिल्लक राहते ती उसाला. शेणी जाळल्या की खत गेले. गॅस जाळला की खत राहिले. यापेक्षा सोपे गणित नाही.

बायोगॅसचे काम पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे असते. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी लहान संयंत्रांना आकारमानाप्रमाणे ९,८०० ते ७०,४०० रुपयांपर्यंत अनुदान ठरले होते. चालू वर्षाचे दर आणि उद्दिष्ट तिथेच विचारून अर्ज लवकर करावा. मात्र दावणीला एकच जनावर असेल तर संयंत्राच्या भरीस पडू नये. शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घेता आले तर पाहावे, पण शेण कोण घालणार आणि गॅस कोणाला किती, हे आधीच कागदावर लिहावे.

भगिनींसाठी चार गोष्टी

टाकी पंचेचाळीस दिवसांऐवजी पंचावन्न दिवस पुरवणे हेही उत्पन्नच आहे.

१. डाळ, कडधान्य, तांदूळ शिजवण्याआधी भिजत घाला. कुकर वापरा. उघड्या पातेल्यावर झाकण ठेवा.

२. उकळी फुटली की आच बारीक करा. उकळते पाणी मोठ्या जाळावर जास्त तापत नाही, फक्त आटते.

३. जाळ निळा हवा. पिवळा दिसला आणि भांडे काळे होऊ लागले की बर्नर साफ करा.

४. लाकडी खोक्यात कोरडे पाचट किंवा भुसा दाबून मधे भांड्यापुरती जागा करा. भात-डाळीला चांगली उकळी आली की झाकणासह भांडे त्यात ठेवून वर गोधडी घाला. तासा-दीड तासात अन्न आतल्या उष्णतेवर शिजते. वाढण्यापूर्वी पुन्हा एक उकळी द्या.

आणि एक गोष्ट घरच्या पुरुषांसाठी. अनेक घरांत स्वयंपाकाच्या बरोबरीने जळण अंघोळीच्या बंबाला जाते. काळा रंग दिलेले पिंप छपरावर उन्हात ठेवले, तर उन्हाळ्यात पाणी फुकट तापते आणि हिवाळ्यात बंबाचे काम निम्मे होते.

तोडीला येणाऱ्या कुटुंबांचे काय?

शेवटी ज्यांचे नाव आपल्या भागभांडवलाच्या यादीत नाही, त्यांच्याबद्दल. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून येणारी कोयत्यावरची कुटुंबे चार-पाच महिने आपल्या शिवारात पाचटाच्या खोपीत राहतात. गावाकडची टाकी गावाकडेच राहते. बाई पहाटे तीनला उठून ओल्या जळणावर भाकरी थापते आणि मग फडात उतरते. पाचटाच्या खोपीशेजारी उघडी चूल म्हणजे रोजचा धोका.

ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वला योजनेचा दुसरा टप्पा आला, तेव्हा स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालेल अशी सोय झाली. पाच किलोची लहान टाकीही मिळते. ती बाजारभावाने घेतली तर पत्त्याचा पुरावा लागत नाही. आपल्या गटातील कर्मचाऱ्यांनी मुकादमांना हे समजावून सांगावे. कारखान्याने गळीत हंगामाच्या सुरुवातीला तळावर गॅस वितरकाला बोलावून लहान टाक्यांची सोय करावी, आणि तिची रक्कम एकदम न घेता पंधरवड्याच्या बिलातून हप्त्याने घ्यावी, असे माझे मत आहे. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडला तर संचालक मंडळाला निर्णय घेणे सोपे जाईल. तोवर आपल्या फडात तोड आलेली असताना चार वाळकी खोडकी आणि पिण्याचे पाणी त्या कुटुंबाला देणे, एवढे तर कोणाही सभासदाला जमेल.

सभासदांनी या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात. गेल्या वर्षी किती टाक्या लागल्या आणि किती लाकूड जळले ते घरच्या मंडळींना विचारून लिहून काढावे. दावणीला दोन किंवा अधिक जनावरे असतील तर गोबर गॅससाठी आपल्या गट ऑफिसात नाव नोंदवावे. सर्व गटांची यादी एकत्र करून ती पंचायत समितीकडे नेण्याचे काम आमच्या खात्याकडे राहील. आणि तोड झाल्यावर पाचटाला काडी लावू नये.

जय सहकार!